हिचे मनगट आणि बिडाचा तवा

ता. ४ फेब्रुवारी, मंगळवार

तवा चकाकला! अखेर चकाकला!

शनिवारपासून दुपारची झोप मोडून बसत होतो. आधी जाड काचपेपर, मग बारीक, मग घासण्याची पूड आणि शेवटी लोकरीचे फडके. आज तव्यात स्वयंपाकघरातला दिवा दिसू लागला आणि दिव्याखाली माझे नाक. समाधान वाटले.

तवा बिडाचा आहे. माझ्या आईचा. हिच्या हाती आला तेव्हा काळाकुट्ट होता, आणि पुढेही काळाच राहिला. ही त्याला कधी घासत नसे. कोरड्या फडक्याने पुसून ठेवी, एवढेच. मी इतकी वर्षे चकार शब्द काढला नाही. स्वयंपाकघरातील कारभारात पुरुषाने तोंड घालू नये, असे माझे मत आहे. परंतु ज्या माणसाने नाट्यगृहाचे पितळी कठडे आणि लाकडी दरवाजे निवृत्तीच्या दिवसापर्यंत आरशासारखे राखले, त्याच्याच घरात तो काळा तवा — मनाला लागत असे.

ही रविवारी परत येते आहे. जिन्यात पाय घसरून उजवे मनगट मोडले, तेव्हापासून मुलीकडे आहे. प्लास्टर आता निघाले. मुलीने आणि जावईबापूंनी तिचे जे केले, ते पोटच्या मुलानेही केले नसते. मी ते विसरणार नाही.

मुलगी मात्र फोनवर स्पष्ट बोलली. "बाबा, आई येऊ दे घरी. थोडे दिवस बघू. तिला भांडी उचलायला झेपलं तर तुमचं तुम्ही राहा. नाही झेपलं तर हट्ट करायचा नाही. स्वयंपाकघराला कुलूप, आणि दोघं इकडे. खोली तयार आहे."

तिचे चुकले असे मी म्हणत नाही. खोलीला मोठी खिडकी आहे, हेही तिने दोनदा सांगितले. परंतु मला हेच घर हवे. माझ्या खुर्चीतून स्वयंपाकघराचे दार दिसते. दुसऱ्याच्या घरी खुर्ची मिळेल. दार मिळणार नाही.

हिला विचारले, "तुला काय वाटते?" तर म्हणाली, "बघू."

संध्याकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता सवयीने हाक मारली — "झालं का?" घरात कोणी नाही. "होतंय, जरा दम धरा," हे नेहमीचे उत्तर आले नाही. पाव खाऊन झोपलो.

ता. ५ फेब्रुवारी, बुधवार

आज जे घडले ते लिहिताना हात जड झाला आहे.

तव्याचे उद्घाटन करावे म्हणून अंडे फोडले. तेल घातले होते. तरी अंडे तव्याला असे धरून बसले, की जणू तेच तव्याचे मालक! उलथन्याने खरवडले. अर्धे उलथन्यावर, अर्धे तव्यावर, आणि धूर सगळ्या घरभर.

खालच्या मजल्यावरच्या शिलाईच्या बाई धावत वर आल्या. त्यांच्या तोंडात टाचणी तशीच.

"काका, काय पेटलं?"

"काही नाही. अंडे."

त्यांनी खिडकी उघडली, शेगडी बंद केली आणि तव्याकडे पाहिले. टाचणी काढून पदराला टोचली. मग कपाळाला हात लावला.

"अहो काका, हे काय केलंत! मुरलेला तवा घासून काढलात?"

मी म्हणालो, "मळ होता."

"मळ कसला! तेल होतं ते. काकूंनी इतकी वर्षं रोज थेंबथेंब मुरवलेलं. त्याच्यामुळे तर काही चिकटत नव्हतं. नवा कोरा करून ठेवलात तुम्ही."

मी शक्य तितक्या संयमाने सांगितले की, मी व्यवसायाने पॉलिशवाला आहे.

"म्हणूनच तर!" म्हणाल्या, आणि हसल्या. पण जाताना स्वतःच्या घरचे सूप वाटीत घालून आणून दिले. वाटी झाकून आणली होती. अशा शेजाऱ्याबद्दल काय लिहावे? वाटी घासून परत केली. वाटी घासायला हरकत नसावी.

ता. ६ फेब्रुवारी, गुरुवार

दूध आणि पाव. तव्याकडे पाहिले नाही.

ता. ७ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरवले. तव्याचे नुकसान मी केले, तेव्हा भरपाईही मीच करणार. आणि तवा तसाही जड होता. बऱ्या मनगटालाही जड, मग दुखऱ्याला किती? हिला झेपेल आणि आमच्यामागेही टिकेल, असे भांडे आणायचे. तसे भांडे मिळाले, तर कुलपाचा प्रश्नच उरत नाही.

चौकाच्या पलीकडे भांड्यांचे दुकान आहे. दुकान एक बाई चालवतात. चष्मा दोरीने गळ्यात, आणि बोलणे भांड्यांइतकेच खणखणीत.

मी म्हणालो, "आयुष्यभर टिकेल असे पातेले दाखवा."

"कोणाच्या आयुष्यभर, आजोबा? तुमच्या की पातेल्याच्या?"

मी फळीवरच्या पातेल्यांकडे बोट दाखवले. तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि निमूटपणे भांडी काढायला लागल्या. थट्टा करणाऱ्याला थांबताही आले पाहिजे. या बाईंना येते.

पहिले, काळ्या मुलाम्याचे. नॉनस्टिक. हलके, हातात पिसासारखे. मी नखाने तळाशी हलकेच ओढून पाहिले. बाई म्हणाल्या, "ओरखडा पडला की गेलं. ठेवायचं जपून, लाकडी चमचा, मंद आच. जपलं तर काही वर्षं देतं." काही वर्षं! मी बाजूला ठेवले.

दुसरे, पातळ स्टीलचे. हेही हलके. परंतु बोटाने वाजवले, तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. तळाला काही चिकटले की करपणार, हे मलाही कळले. तेही बाजूला.

तिसरे, जाड तळाचे स्टील. वा! तळ सपाट — काउंटरवर ठेवून फिरवले तरी डगमगले नाही. कान रिव्हेटने बसवलेले, आणि रिव्हेटची डोकी गुळगुळीत. बोट फिरवून पाहिले, कुठे धार नाही. झाकण घट्ट, पण अडकत नाही. हे काम करणाऱ्याला मी मनातल्या मनात शाबासकी दिली.

फक्त जड.

मी ते डाव्या हाताने उचलून पाहिले. माझा डावा हात कच्चा. हिच्या दुखऱ्या उजव्याच्या बरोबरीचा असेल, असा माझा अंदाज. उचलले.

बाई बघत होत्या. "रिकामं आहे, आजोबा. रिकामं तर माझा नातूही उचलेल. भरून बघा." आणि त्यांनी खरोखरच आतल्या नळावरून पातेले भरून आणले! दुकानातल्या विक्रीच्या पातेल्यात पाणी! मी डाव्या हाताने उचलले. थोडे सांडले, पण उचलले.

"हात कोणाचा, म्हणालात?"

"माझ्या कुटुंबाचा."

"मग त्यांनाच घेऊन या की."

मी सांगितले, अचानक द्यायचे आहे. बाईंनी पाणी ओतले, फडक्याने पातेले कोरडे केले आणि म्हणाल्या, "न्या. नाही झेपलं तर बदलून देते. फक्त घासून चकाचक करून आणू नका म्हणजे झालं." शिलाईच्या बाईंनी गावभर केले आहे, हे उघड आहे.

ता. ८ फेब्रुवारी, शनिवार

आज तवा पुन्हा मुरवायला घेतला. शिलाईच्या बाईंनी शिकवले. बोटावर तेलाचा थेंब घ्यायचा, सगळीकडे फासायचा, मग कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळा पुसून टाकायचा. तापवायचा. थंड होऊ द्यायचा. पुन्हा.

पहिल्या वेळी मी तेल सढळ हाताने लावले. वर चिकट डाग आले, जणू कोणी मध सांडला. बाई म्हणाल्या, "काका, पातळ! अगदी पातळ! दिसता कामा नये."

आणि माझा हात थांबला.

हेच तर मी कामावरच्या नव्या मुलांना सांगत असे. पॉलिश दिसता कामा नये. पातळ हात, वाळू द्या, पुन्हा पातळ हात. घाई करणाऱ्याचा दरवाजा चिकटतो. नाट्यगृहाच्या मोठ्या दरवाजांवर मी जे चढवत आलो, तेच ही या तव्यावर रोज चढवत होती. कोणी बघत नव्हते, कोणी तिला कामगार म्हटले नाही. आणि मी ते काचपेपरने उतरवून टाकले — वर कौतुकाची अपेक्षा!

दिवसभर पातळ हात चढवत राहिलो. संध्याकाळपर्यंत तव्याला फिकट तांबूस रंग आला. काळा यायला अवकाश आहे.

ता. ९ फेब्रुवारी, रविवार

ही आली!

मुलीने सोडले. मनगटावर पट्टा आहे. बोटे थोडी सुजलेली, पण हालतात. चेहरा भरलेला दिसतो. मुलीने खाऊ घातले आहे.

चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात. मी मागे. तवा शेगडीवर होता.

"अगंबाई! हा कोणाचा?"

मी सांगितले. जे घडले ते सर्व सांगितले, काहीही न वगळता. ती ऐकत होती. ओठ मिटलेले. मला वाटले, आता रडणार.

ती हसू लागली! हसता हसता पट्ट्याचा हात दुसऱ्या हाताने धरावा लागला. मुलगी घाबरून "आई, हात, हात!" म्हणू लागली.

"सासूबाईंचा तवा — आणि घासला कोणी, तर त्यांच्याच लाडक्यानं! अहो, मला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं त्यांनी? 'याला पाणी लावशील तर बघ.' मी इतकी वर्षं त्यांचाच तवा सांभाळत बसले. मूळचा थर त्यांचा होता तो. माझा कधी झालाच नाही."

मी म्हणालो, "मग आता?"

"आता काय, कोरा आहे. बघू कोणाचा होतो ते."

मग मी नवे पातेले पुढे केले. तिने झाकण फिरवले, कान चाचपले, तळ पाहिला. "चांगलं निवडलंत," म्हणाली. हे शब्द मी जसेच्या तसे येथे लिहून ठेवतो. नळाखाली भरले. उजव्या हाताने कान धरला, डाव्याने दुसरा. पातेले ओट्यावरून बोटभर उचलले गेले आणि परत खाली बसले. तिचा ओठ दाताखाली होता.

मुलीने लगेच तोंड फिरवून खिडकीतली कुंडी सरळ केली. कुंडी सरळच होती. तिच्या त्या न बोलण्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

ता. १० फेब्रुवारी, सोमवार

ही म्हणते, शेजारणीकडून हलके भांडे आणून पाहू. आणले. बटाटे करपले. दोघांनी खाल्ले. वास अजून पडद्यात आहे.

ता. ११ फेब्रुवारी, मंगळवार

दोघे दुकानात गेलो. पातेले पिशवीत, कागदात गुंडाळून.

दुकानाच्या बाई आणि ही अशा बोलू लागल्या, की जणू लहानपणापासूनच्या मैत्रिणी. मला स्टूल मिळाले. मनगट कसे मोडले, कोणत्या पायरीवर, डॉक्टर काय म्हणाले, जावई कसा आहे — भांड्यांची गोष्ट बऱ्याच वेळाने निघाली.

मग हिने एकेक उचलले. जे झेपते ते टिकणारे नाही. जे टिकणारे ते झेपत नाही. लहान पातेल्यात दोघांचे मावत नाही. लांब दांड्याचे पाहिले. त्याचा सगळा भार मनगटावर येतो. बाई प्रत्येक भांडे भरून देत होत्या, पुन्हा पुसून ठेवत होत्या. फडके भिजून चिंब झाले, तरी कपाळाला आठी नाही.

मी स्टुलावर बसून मुलीच्या खोलीच्या खिडकीचा विचार करीत होतो. मोठी खिडकी. उजेड चांगला. कुलूप कोणते लावावे, याचाही विचार आला.

तेवढ्यात ही म्हणाली, "ते वरचं काढा बरं."

वरच्या फळीवर सर्वांत जाड तळाचे, सर्वांत जड पातेले होते. बाईंनाही ते दोन्ही हातांनी काढावे लागले.

"हे द्या. आमचं पहिलं परत घ्या, आणि हे द्या."

"अहो ताई, हे तुम्ही उचलणार कसं?"

"मी कशाला उचलू?" ही म्हणाली. आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवले. "हे आहेत की. धडधाकट आहेत. यांनी दरवाजे उचललेत."

मग बाई एवढ्या मोठ्याने हसल्या, की बाहेरचा माणूस डोकावून गेला.

मी उठून उभा राहिलो. ज्या मनगटाला झेपेल असे भांडे मी शोधत होतो, ते एकच मनगट माझ्या डोळ्यांपुढे होते. माझी स्वतःची दोन चांगली मनगटे माझ्या हिशेबातच नव्हती! डावा हात वापरला, तोही तिचा म्हणून.

पातेले घरापर्यंत मी वाहून आणले. वाटेत ही म्हणाली, "जड आहे का?"

मी म्हणालो, "मुळीच नाही."

जड होते.

ता. १३ फेब्रुवारी, गुरुवार

शिक्षण सुरू झाले. ही माझीच खुर्ची स्वयंपाकघरात ओढून बसते आणि सांगते, मी करतो.

"मीठ किती?"

"लागेल तेवढं."

"म्हणजे किती?"

"म्हणजे लागेल तेवढं! तुम्ही पॉलिश मोजून लावत होता का?"

चिमटीने मीठ घातले. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आले. ही म्हणाली, "रडा, रडा. तेवढंच पुण्य." विनोद कळला, हसलो नाही. नंतर एकटा असताना हसलो.

ता. १६ फेब्रुवारी, रविवार

तव्यावर अंडे चिकटले नाही! म्हणजे कडेला थोडेसे चिकटले, बाकी सुटले. ही म्हणाली, "धरतोय रंग." कोणाचा रंग, ते विचारले नाही.

ता. १९ फेब्रुवारी, बुधवार

भात चांगला झाला. जड तळाचा गुण आहे. आच सगळीकडे सारखी लागते, करपत नाही. दुकानाच्या बाईंना मुद्दाम जाऊन सांगितले. म्हणाल्या, "तुम्ही शिकलात त्याचं श्रेय पातेल्याला देऊ नका, आजोबा." घरी येताना पाठ थोडी ताठ झाली असेल.

ता. २३ फेब्रुवारी, रविवार

मुलगी आणि जावईबापू जेवायला आले. हा परीक्षेचा दिवस आहे, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते.

मी सूप, भात आणि तव्यावरचे बटाट्याचे काप केले. काप एका बाजूने जास्त भाजले गेले. हिने बोटसुद्धा लावले नाही. मधूनमधून "वास बघा" एवढेच.

मुलीने विचारले, "आई, तू केलंस?"

"मला काय विचारतेस? मी बसून आहे."

जावईबापूंनी जास्त भाजलेले काप आधी उचलले आणि म्हणाले, "कुरकुरीत आहेत. मला असेच आवडतात." चांगल्या घरचा मुलगा आहे. लग्नाच्या वेळी मी याच्या केसांवरून काय काय बोललो होतो, ते सर्व मागे घेतो.

मुलगी म्हणाली, "बाबा, मीठ अगदी बरोबर पडलंय. किती घातलंत?"

मी म्हणालो, "लागेल तेवढे."

ही इकडे हसली, मुलगी तिकडे. मग मुलीने डोळे पुसले, कांद्याचे निमित्त करून. कांदा त्यात नव्हता.

निघताना जिन्यात म्हणाली, "बरं बाबा. त्या खोलीत मग मुलांचं अभ्यासाचं टेबल टाकते." एवढेच. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ता. २८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज स्वयंपाकघरात मी, बाहेर माझ्या खुर्चीत ही, हातात वर्तमानपत्र. आतून पाहिले तर दारातून तिचा चष्मा आणि पानाचा कोपरा दिसतो.

हाक आली — "अहो, झालं का?"

मी म्हणालो, "होतंय, जरा दम धरा."

ता. ५ मार्च, बुधवार

आज आंघोळ लवकर आटोपली. दारापर्यंत आलो, तो आत ही उभी. मनगटाला पट्टा नाही. ते मोठे पातेले, काठोकाठ भरलेले, तिने शेगडीवरून अलगद उचलले, ओट्यावर ठेवले आणि पुन्हा शेगडीवर चढवले. श्वाससुद्धा लागला नाही.

मी पावलांचा आवाज न करता मागे फिरलो. जरा थांबून मोठ्याने खोकलो. मग आत गेलो.

ही खुर्चीवर होती. पट्टा मनगटावर. "आलात? अहो, एवढं पातेलं उतरवता का जरा?"

उतरवले.